रागाला सवलत, भयाला शिक्षा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लागलेले असते, डोळ्यांवरची झोप पुरती उतरलेली नसते, आणि घरातले वडीलधारे माणूस मुलांना म्हणते, "फोडा रे कारीट!" डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते कडू फळ चिरडले की नरकासुर मेला. मग पाटाभोवतीच्या रांगोळ्या, मग फराळ. आपल्या सर्वांत आनंदाच्या सणाचा आरंभ असा एका वधाने होतो. तेव्हा दिवाळीच्या अंकात मनुष्यवधाच्या कायद्याविषयी लिहायला बसलो म्हणून कोणी नाक मुरडू नये. शिवाय ह्याच अंकात एखाददुसरी रहस्यकथा असेलच, आणि तिच्या पहिल्याच पानावर कोणाचे तरी प्रेत पडलेले असेल. चकली खाता खाता ते आपण मिटक्या मारीत वाचतो.

मी वकील नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही. शाळेत मुलांना व्याकरण शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंदे शब्दांचे. म्हणून माझा आजचा वाद शब्दांपासूनच सुरू होतो. मराठीत माणूस मारण्याला निरनिराळे शब्द आहेत. नरकासुराचा वध होतो, कंसाचा वध होतो, कीचकाचा वध होतो. आणि पलीकडच्या आळीत कोणी कोणाला भोसकले तर तो खून होतो. कृती एकच, शब्द दोन. मारणाऱ्याच्या बाजूने आपण असलो की तोंडून वध येतो, मरणाऱ्याच्या बाजूने असलो की खून येतो. आपल्या बोलण्यातच निकाल लागून गेलेला असतो. साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही.

कायद्याला असे करून चालत नाही. त्याने 'मनुष्यवध' हा तटस्थ शब्द घेतला आणि त्याच्या पायऱ्या पाडल्या. काही मनुष्यवध मुळात गुन्हाच नव्हेत. काही 'सदोष मनुष्यवध' आहेत. त्यांतले सर्वांत वाईट ते 'खून'. ही पायरी ठरते कशावरून? मेलेला माणूस तर तिन्ही ठिकाणी सारखाच मेलेला असतो. पायरी ठरते मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते ह्यावरून. मनात एकतर भय असते, नाहीतर राग असतो, नाहीतर थंड हिशेब असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: आपल्या कायद्याने घटकाभरच्या भयाला पूर्ण न्याय दिला, घटकाभरच्या रागाला सवलत दिली, पण वर्षानुवर्षे मुरलेल्या भयाला मात्र थंड हिशेबाच्या रांगेत नेऊन उभे केले. ह्यात बहुतेक वेळा पुरुष सुटतो आणि बाई अडकते. हा अन्याय आहे, आणि २०२३ साली तो दूर करण्याची संधी आलेली असताना आपण ती घालवली.

आधी कायद्याची चांगली बाजू सांगतो, कारण तिच्याविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. रेल्वेच्या डब्यात, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपला कायदा चोराच्या बाजूचा आहे. घरात दरोडेखोर शिरला तर हात जोडून उभे राहायचे काय?" हे धादांत खोटे आहे. १८३७ साली मेकॉलेने दंडविधानाचा मसुदा केला. त्याला वाटत होते की ह्या देशातली माणसे अन्याय मुकाट्याने फार सोसतात. त्यांच्या बचावावर बंधने वाढवण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी बाणा जागवलेला बरा. त्याचा तो मर्दानी बाणा आपल्याला पुढे लागणार आहे, तेवढा शब्द लक्षात असू द्या. तो कायदा १८६० साली झाला, १८६२ सालापासून अमलात आला, आणि त्यातला खाजगी बचावाचा हक्क आजच्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये जवळजवळ जसाच्या तसा आहे.

हा हक्क चांगला ऐसपैस आहे. तो स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कोणालाही वाचवण्यासाठी तो वापरता येतो. मालमत्तेसाठीही वापरता येतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असेल, बलात्काराचा किंवा पळवून नेण्याचा हेतू दिसत असेल, अंगावर ॲसिड फेकले जाणार असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क जातो. ॲसिडचे कारण २०१३ साली घातले. आधी सहा कारणे होती, आता सात आहेत. आणि आधी वार झेलायचा, मग उलटा करायचा, असेही नाही. धास्ती निर्माण होते त्या क्षणी हक्क सुरू होतो आणि धास्ती टिकते तोवर टिकतो. २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, हल्ला झालेल्या माणसाने भित्र्यासारखे पळून जावे असा कायद्याचा आग्रह नाही.

कटनीचे एक उदाहरण देतो. ५ मार्च १९५० रोजी त्या गावात दंगल झाली. एका बाजूला फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, दुसऱ्या बाजूला गावातले मुसलमान. अमजद खान नावाच्या माणसाच्या भावाचे दुकान शेजारीच होते. जमावाने ते फोडून लुटले आणि मग ह्याच्या दारावर लाठ्या बडवायला सुरुवात केली. आत घरची माणसे होती. ह्याने बंदूक झाडली. एक माणूस मेला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्याला निर्दोष सोडले. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती व्हिवियन बोस ह्यांनी. हे आधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचा मुद्दा साधा होता. दार फुटेपर्यंत, बायकामुलांवर वार पडेपर्यंत त्या माणसाने वाट पाहायची होती काय? आणि अशा वेळी त्याने केलेला बचाव सोन्याच्या तराजूत, गुंजगुंज तोलून पाहायचा नसतो. ज्यांना आपला कायदा षंढ वाटतो त्यांनी हा निकाल कोणाकडून तरी समजावून घ्यावा.

पण हक्क आहे तशी त्याला सीमाही आहे. बचावाला जेवढी लागेल तेवढीच इजा. सरकारकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही. आणि धास्ती संपली की हक्क संपला. ही सीमा आपल्या मनाला किती परकी आहे ते मला एकदा वर्गात कळले. आठवीच्या मुलांना मी निबंध दिला होता: 'घरात चोर शिरला तर'. चाळीसएक वह्या तपासल्या. बहुतेक मुलांनी चोराला पकडले, खांबाला बांधले आणि मग बडवले. काहींनी तर बांधून झाल्यावर ठार केले. पोलीस आले ते मुलाच्या पाठीवर थाप मारायला. एकाच मुलीने लिहिले होते: "मी धाकट्या भावाला आत ओढले, कडी लावली आणि शेजारच्या काकांना हाक मारली." वर्ग तिला हसला. मी मुलांना विचारले, "बांधलेल्या चोराचे भय कोणाला?" कोणी बोलेना. बांधलेल्या माणसाला मारणारे हात बचावाचे नसतात, सुडाचे असतात. त्या मुलांना दोष कसा देणार? त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात नायक खलनायकाला असाच मारतो: आधी तो निःशस्त्र होतो, मग मरतो, आणि मग टाळ्या पडतात. चौकाचौकांत 'मुले पळवणारा आला' म्हणून अनोळखी माणसांना घेरून मारणारे जमाव ह्याच शाळेत शिकलेले असतात. तेव्हा ह्या सीमेच्या मी पूर्ण बाजूचा आहे. ती नसेल तर 'चोर' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले तो गरीब मेलाच म्हणून समजा.

इथवर भयाची गोष्ट झाली. आता रागाची. खुनाच्या व्याख्येला काही अपवाद आहेत. पहिलाच अपवाद रागाचा आहे: गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, त्याच्या हातून झालेला मनुष्यवध हा खून नव्हे. मग फाशी टळते. जन्मठेप होऊ शकते, नाहीतर पाच ते दहा वर्षांत भागते.

ह्या अपवादाची सर्वांत गाजलेली परीक्षा आपल्या मुंबईतच झाली. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी ह्यांना त्यांच्या पत्नीने सांगितले की, प्रेम आहुजा ह्यांच्याशी तिचा संबंध आहे. नानावटींनी बायकोमुलांना सिनेमाला पोचवले. मग ते जहाजावर गेले; रात्री एकट्याने मोटारीतून अहमदनगरला जायचे आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजांच्या कचेरीत गेले, ते तिथे नव्हते. मग घरी गेले, आणि आहुजा मेले. बचावाचे मुख्य म्हणणे असे होते की झटापटीत गोळ्या सुटल्या. ते मान्य नसेल तर प्रक्षोभाचा अपवाद तरी लागू करावा. नऊजणांच्या ज्यूरीपैकी आठजणांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले. उच्च न्यायालयाने १९६० साली खुनासाठी जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकालाचा गाभा घड्याळात होता. दीडच्या सुमारास घर सोडले, गोळ्या चार वाजून वीस मिनिटांनी सुटल्या. मधल्या तीन तासांत राग निवायला पुरेसा अवकाश होता, आणि त्या अवकाशात त्यांनी केलेली कामे ताबा सुटलेल्या माणसाची नव्हती.

न्यायालयाने रेघ ओढली ती बरोबर ओढली. पण मुंबईने ती मानली काय? एका साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने मोहीमच उघडली होती आणि लोक चढ्या किमतीला त्याचे अंक विकत घेत होते. १९६४ साली राज्यपालांनी नानावटींना माफी दिली. पुढे त्या प्रकरणावरून सिनेमे निघाले. १९७३ साली निघालेल्या एकाचे नाव तर 'अचानक'! व्याकरणाचा मास्तर म्हणून त्या नावाला मी हात जोडतो. तीन तास, रिव्हॉल्व्हरची नोंद, कचेरी, मग घर, आणि क्रियाविशेषण कोणते, तर 'अचानक'. संतापलेल्या नवऱ्याविषयी लोकांना किती ममता असते ते ह्या एका शब्दावरून कळावे. मेकॉलेचा मर्दानी बाणा तो हाच. बायको ही आपली वस्तू आहे, तिला कोणी हात लावला तर रक्त उसळणारच, आणि रक्त उसळले तर जगाने समजून घेतले पाहिजे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे जुने कलम रद्द करताना बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे हे ठणकावून सांगितले. पण रागाच्या अपवादात तो जुना मालक अजून टेकून बसला आहे.

आता ह्याच अपवादांपुढे दुसरे एक माणूस उभे करतो. ती बाई आहे. नवरा दहा वर्षे मारतो. हाड मोडले आहे, दात पडला आहे, पोरे कोपऱ्यात थरथरत बसतात. आज रात्री तो म्हणाला आहे, "सकाळी उठलो की तुझा निकाल लावतो." आणि तो झोपला आहे. ती जागी आहे. पहाटे केव्हातरी ती वरवंटा उचलते.

ही बाई माझ्या मनातली आहे. पण तिच्यासारख्या किती आहेत ते सरकारच सांगते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्यांतल्या बहुतेकजणी वरवंटा कधीच उचलत नाहीत. बऱ्याचजणी स्वतःच मरतात. पण जी उचलते तिच्यापुढे कायदा कोणते दार उघडतो ते पाहू.

पहिले दार खाजगी बचावाचे. तो झोपला होता, म्हणजे त्या क्षणी हल्ला नव्हता, दार बंद. दुसरे, बचावाची मर्यादा सद्भावाने ओलांडली गेली तर खून न मानण्याचे. पण तिथे अट आहे की पूर्वविचार नसावा, तिने तर रात्रभर विचार केला, दार बंद. तिसरे रागाचे. प्रक्षोभ आकस्मिक हवा. दहा वर्षांत आकस्मिक काय? तेही बंद. चौथे, अचानक उद्भवलेल्या मारामारीचे. तिच्या अंगात मारामारीची ताकद असती तर ती दहा वर्षे मार खात बसली असती काय? सगळी दारे फिरून ती शेवटी खुनाच्या कलमापाशी पोचते.

वाचकहो, 'आकस्मिक' ह्या शब्दाचा नीट विचार करा. आकस्मिक मारणे ही बलवानाची सोय आहे. ज्याचे दंड भरलेले आहेत त्याला राग आला की हात उचलता येतो. त्याच्या रागात आणि त्याच्या हातात अंतरच नसते. दुबळ्याला ती सोय नाही. समोरचा जागा असताना, शुद्धीवर असताना तिने हात उचलला तर मरणार ती. म्हणून तिला वाट पाहावी लागते. तिचे वाट पाहणे हा तिच्या दुबळेपणाचा पुरावा आहे. कायदा तो कारस्थानाचा पुरावा म्हणून वाचतो. पुरुषाच्या स्वभावाचे आणि पुरुषाच्या मनगटाचे माप घेऊन शिवलेला हा अंगरखा आहे. तो बाईच्या अंगाला बसत नाही, आणि मग आपण म्हणतो, बाईचेच अंग वाकडे.

आणखी एक गोष्ट. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर प्राण घेण्यापर्यंत हक्क जातो, असे मी वर लिहिले. पण प्रौढ पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजोरी आपल्या संहितेच्या व्याख्येत बलात्कार नव्हे. म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाविरुद्ध जो आधार बाईला मिळतो, तो स्वतःच्या घरात कडी लावल्यावर तिला मिळत नाही. सणासुदीला ह्याहून अधिक लिहीत नाही. विचार मात्र करावा.

परदेशात असे एक प्रकरण गाजले, आणि ती बाई आपल्याच पंजाबातली होती. किरणजित अहलुवालिया लग्न होऊन इंग्लंडात गेली. दहा वर्षे तिने मार खाल्ला. १९८९ साली एका रात्री, नवरा झोपला असताना, तिने पेट्रोल ओतून पेटवले. त्यात तो मेला. तिला खुनासाठी जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ह्या बायकांच्या संस्थेने तिची बाजू लावून धरली. १९९२ साली वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण कारण काय दिले? प्रक्षोभाचे म्हणणे मान्य केले नाही, कारण तो आकस्मिक नव्हता. मान्य केले ते तिचे मन आजारी असल्याचे. म्हणजे तिला सोडवायचे तर आधी तिला आजारी ठरवावे लागले. तिचे भय शहाण्या माणसाचे भय होते, असे म्हणायला कायद्यात जागाच नव्हती.

इंग्रजांनी पुढे ती जागा केली. २००९ साली त्यांनी प्रक्षोभाचा जुना बचाव काढून टाकला आणि नवा आणला. त्यात गंभीर हिंसेचे भय हे कारण धरले; ताबा सुटणे आकस्मिकच असले पाहिजे ही अट काढली; नुसत्या व्यभिचाराच्या संतापाला कारण मानणे बंद केले; आणि सूड उगवायच्या ठाम इच्छेने मारले असेल तर सवलत नाही, असेही बजावले. आम्ही ज्यांच्याकडून कायदा शिकलो त्यांनी आपली पाटी पुसून नवे लिहिले. आणि आम्ही? २०२३ साली आम्ही दंडविधानाचे नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले, खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ केले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. आणि 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' तसाच्या तसा उचलून कलम १०१ मध्ये ठेवून दिला. घराला नवा रंग दिला, पण ज्या खोलीत बाई गुदमरत होती तिची खिडकी काही कोणी उघडली नाही.

आपल्या न्यायाधीशांनी फटीतून थोडी हवा आत सोडली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. नानावटींच्या निकालातच एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा की, मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल तीही विचारात घेता येते. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ साली, पोरांसह विहिरीत उडी घेतलेल्या एका आईच्या प्रकरणात, साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार केला; त्याला तमिळ लोककथेतल्या नल्लतंगाळचे नाव मिळाले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ साली मारखाऊ पत्नीच्या मनःस्थितीचा विचार करून खुनाचा गुन्हा खाली आणला. पण हे त्या त्या न्यायाधीशाच्या सहृदयतेवर अवलंबून राहिले. एकीला सहृदय न्यायाधीश मिळाला, दुसरीला नाही. ह्याला नशीब म्हणतात, कायदा म्हणत नाहीत.

आता आक्षेप. पहिला असा की, ही सवलत दिली तर उद्या कोणतीही बाई नवऱ्याला मारील आणि भयाचे नाव सांगेल. मग रागाचे नाव सांगून आजवर पुरुषांनी काय केले? न्यायालय नुसत्या सांगण्यावर जात नाही. अपवादात बसतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांच्या साक्षी, आधीच्या तक्रारी, सगळे तपासले जाते. जे न्यायालय खरा राग आणि खोटा राग ओळखू शकते, ते खरे भय आणि खोटे भयही ओळखील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "तिला वेळ होता ना? मग ती पोलिसांकडे का गेली नाही? माहेरी का गेली नाही?" कायदाही असेच विचारतो. ह्याचे उत्तर मला महाभारतात मिळते. विराटाच्या राजवाड्यात कीचकाने द्रौपदीला भर सभेत लाथ मारली, तेव्हा ती आधी राजाकडेच दाद मागायला गेली होती. राजा गप्प बसला. सभा गप्प बसली. मग तिने रात्री भीमाला गाठले, बेत ठरवला, कीचकाला नृत्यशाळेत बोलावले. पूर्वविचार होता, कपट होते, काळोख होता. आजच्या कलमाप्रमाणे खुनाला काही कमी नव्हते. तरी आपण त्याला कीचकवध म्हणतो. खाडिलकरांनी १९०७ साली त्याच नावाचे नाटक लिहिले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. इतके की १९१० साली इंग्रज सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पुराणातल्या बाईचे भय आपल्याला कळते. शेजारच्या घरातल्या बाईचे मात्र कळत नाही. दाद मागायला वेळ होता की नाही, एवढेच विचारून भागत नाही. दाद देणारा कोणी होता काय, हेही विचारले पाहिजे.

पण ह्या वाटेला एक कडा आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव ह्या गुंडाला ठार केले. वस्तीने त्याचा छळ वर्षानुवर्षे सोसला होता. पुढे २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांच्या भयाविषयी मला शंका नाही. तरीही तो वध म्हणून मिरवू नये, असे मी म्हणतो. त्या घटकेला तो पोलिसांच्या ताब्यात होता. जमावाने न्यायालयातच निकाल लावायचा ठरवले तर उद्या तोच जमाव निरपराध्याला घेरील, आणि त्यात बायकाच पहिल्या मरतील. चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्या बायकांना अशाच जमावांनी मारले. त्या दिवशी नागपुरात खरा आरोपी होता तो वस्तीत कधीच वेळेवर न पोचलेला कायदा.

म्हणून माझे मागणे माफक आहे. झोपलेल्या नवऱ्याला मारणाऱ्या बाईला हारतुरे घालावेत असे मी म्हणत नाही. तिला निर्दोष सोडावे असेही सरसकट म्हणत नाही. माणूस मेला आहे. त्याचाही जीव होता, त्याचीही आई असेल. मी म्हणतो एवढेच की, दीर्घकाळच्या हिंसेच्या भयातून झालेला मनुष्यवध हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, असा स्वतंत्र अपवाद संहितेत लिहावा. आणि बायकोच्या, बहिणीच्या, मुलीच्या वागण्याचा राग हे माणूस मारण्याला सवलतीचे कारण नव्हे, असे त्याच कलमाखाली स्पष्ट करावे. दोन वाक्ये लागतील. संसदेने ती लिहायची आहेत.

तोवर आपल्या हाती काय आहे? ज्यूरी केव्हाच गेली. पण सकाळचे वर्तमानपत्र उघडले की प्रत्येक घरात एक ज्यूरी बसते. ह्या दिवाळीत घरोघर माणसे जमतील. माहेरवाशिणी येतील, भाऊबीज होईल. 'झोपेत पतीचा खून, पत्नीला अटक' अशी बातमी कोणी मोठ्याने वाचील, आणि कोणी म्हणेल, "काय बाई तरी!" त्या वेळी एवढेच विचारा: तो झोपला होता हे कळले, ती किती रात्री झोपली नव्हती, हे कोणी विचारले काय? आणि ओवाळायला बसलेल्या बहिणीच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला, तर ताटात नोट टाकून उठू नका. तिथेच बसा, आणि तिला बोलू द्या.